दोन दरवान

१

मोठे साहेब, तुम्ही खोटं बोललात. सही करून, शिक्का मारून, कंपनीच्या छापील कागदावर बोललात. तुमचं नाव इथे येणार नाही. नाव आलं की तुम्ही नावावरून भांडत बसाल आणि मुद्दा पडेल बाजूला. मुद्दा एवढाच आहे की एक माणूस मेला, आणि त्याच्या मरणाचं ओझं तुम्ही दोन दिवसांत एका बाईच्या डोक्यावर ठेवून हात झटकलेत.

अकरा मार्च, दुपारचे तीन चाळीस. महाळुंग्यातल्या त्या कारखान्यात तीन नंबरच्या गेटाशी माल उतरत होता. फोर्कलिफ्टवरची लोखंडी डाय, पत्रा दाबायचा जड साचा, घसरली आणि कोंडीराम नावाच्या माणसाच्या मांडीवर आली. परभणीकडचा गडी, वय चौतीस. गेटाच्या केबिनमध्ये सरुबाई होती, सुरक्षा रक्षक. केबिनमधल्या फोनला एक लाल बटण आहे. ते दाबलं की फोन थेट पिंपरीतल्या रुग्णवाहिका कक्षात लागतो आणि कारखान्याचा पत्ता आपोआप त्यांच्या पडद्यावर जातो. अशी सोय.

रुग्णवाहिकेला निरोप पोचला तीन अठ्ठावन्नला. तोही तीन नंबरवरून नाही, दोन नंबरच्या गेटावरून. डॉक्टर म्हणाले, पंधरा मिनिटं आधी आणला असता तर वाचला असता.

तेरा तारखेला सरुबाईला कारणे दाखवा नोटीस आली. "आपण आणीबाणीचे बटण दाबलेच नाही. यंत्रणेत तशी कोणतीही नोंद आढळत नाही. सबब तीन दिवसांत लेखी उत्तर द्यावे." तिनं अंगठ्यासारखी वाकडी सही करून दोन ओळी लिहून दिल्या: बटन चार वेळा दाबले. देवाची आन.

देवाची आण यंत्रणेत नोंदली जात नाही. सरुबाई निलंबित झाली.

वीस तारखेला साहेबांनी हर्षालीला बोलावलं. "मॅडम, शनिवारी चौकशी आहे. यंत्रणा चोख होती असा एक पानाचा दाखला हवाय. जानेवारीत तुम्हीच तपासली होती. नवीन काही करायचं नाही, तारीख तेवढी बदला."

हर्षाली दापोडीत राहायची. बाप रेल्वेच्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करायचा, त्याच्या खोक्यातल्या तारा जोडत जोडत ती शिकली होती. तिचा धंदा सांगायला सोपा आहे. हल्ली फोन इंटरनेटवरून चालतात. आवाज जाण्याआधी एक लेखी निरोप पुढे जातो: कोण बोलतंय, कुणाशी बोलायचंय, कसं बोलायचंय. हा निरोप नियमाप्रमाणे लिहिलाय का, हे हर्षाली तपासायची. कंपनीच्या वेशीवर एक पेटी बसवलेली असते, तीही हेच करते. नियमात बसला तर निरोप बाहेर सोडते, नाही बसला तर फेकून देते. धंद्यातली माणसं त्या पेटीला दरवान म्हणतात.

"आधी बघते, मग लिहिते," हर्षाली म्हणाली.

"बघायचं काय त्यात? बाई डबा खात बसली होती. सरळ गोष्ट आहे."

"मग मला कशाला बोलावलंत?"

साहेब हसले. त्या हसण्याचा तिला राग आला, आणि दाखला लिहायचं तिनं तिथंच लांबवलं.

२

सरुबाईचं घर गावठाणात, मारुतीच्या देवळामागं. अंगणात बसायला प्लास्टिकची खुर्ची आली, पाणी आलं. सरुबाई स्वतः ओट्यावर बसली. पन्नाशीची बाई, हात मोकळे ठेवायची सवय नव्हती, म्हणून शेंगा फोडत होती.

"कंपनीची मानसं येऊन गेली दोनदा. कबूल कर म्हनत्यात. कबूल केलं तर नुसतं काढून टाकू, पोलिसात देनार न्हाई. तू बी त्येच सांगाया आलीस का, पोरी?"

"नाही मावशी. त्या दिवशी काय झालं ते सांगा. पहिल्यापासनं."

"पहिल्यापासनं म्हंजी... साडेतीनला म्या ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावला. गाडीचा नंबर चलनावर चुकला व्हता. लागला फोन. बोलले. मंग धा मिन्टात त्यो आवाज आला. डाय पडल्याचा. असला आवाज मी कवा ऐकला न्हवता. धावत केबिनीत आले, लाल बटन दाबलं."

"मग?"

"टूं, टूं. दोनदा. मंग मुकं. काय न्हाई. परत दाबलं. टूं, टूं, मुकं. आसं चार येळा."

"मग साध्या बटणांनी दुसरीकडं का नाही लावला?"

सरुबाईनं शेंग खाली ठेवली. "त्येच समदी इचारत्यात. लाल बटन दाबलं का फोन दुसरं काय करूच देत न्हाई. आकडं दाबलं तरी ढिम्म. मोबाइल तर मेन गेटाला जमा. मंग पळत सुटले दोन नंबरला. आख्ख्या शेडला वळसा हाय. पन्नास वर्साची बाई, किती पळंल?"

हर्षालीला हे खरं वाटलं, कारण हे खोटं बोलणाऱ्याला सुचलं नसतं. लाल बटणाचा फोन खरोखर तसाच असतो: निरोप पोचेपर्यंत तोच तोच पुन्हा पाठवत राहतो आणि बाकी सगळं बंद ठेवतो. ही गोष्ट कुठल्याच रक्षकाला शिकवलेली नव्हती. सरुबाईला ती अंगावर कळली होती.

"केबिनीत कॅमेरा नाही?"

"हाय की. रस्त्याकडं त्वांड करून. गाड्यांचं नंबर दिसत्यात, मानूस न्हाई दिसत."

हर्षाली निघाली तेव्हा ओट्याच्या कोपऱ्यात एक बाई बसलेली तिला दिसली. इतका वेळ ती बोललीच नव्हती. कोंडीरामची बायको, जयमाला. नवऱ्याचे कागद न्यायला परभणीहून आली होती आणि त्याची भाड्याची खोली सोडावी लागली म्हणून कुठं राहत होती? सरुबाईच्या घरी.

"ताई," जयमाला म्हणाली, "मला तुमच्या मशिनीतलं काही कळत नाही बघा. येवढंच सांगा. ह्या बाईनं फोन केला होता का नव्हता? लोकं म्हणायलेत, ज्या बाईनं नवरा मारला तिच्याच घरी जेवायलीस."

"शनिवारच्या आत सांगते," हर्षाली म्हणाली. तीन नंबरवरून साडेतीनला लागलेला फोन तीन चाळीसला मुका कसा झाला, हे आधी शोधायचं होतं.

३

दोन नंबरच्या गेटावर लक्ष्मणराव होते. सुरक्षा अधिकारी, फौजेतून निवृत्त, मिशा तशाच. केबिनबाहेर मोठा फलक: "अपघातमुक्त दिवस". त्यावर खडूनं नऊ लिहिलं होतं.

"अकरा तारखेला सकाळी किती होते?" हर्षालीनं विचारलं.

"दोनशे चौदा." लक्ष्मणरावांनी नजर वळवली. "अडीचशेला आम्हाला ढाल मिळणार होती."

"म्हणजे रुग्णवाहिका न बोलावता भागलं असतं तर बरं झालं असतं."

"मॅडम, तोंड सांभाळून." ते उठूनच उभे राहिले. "मी जखमी माणूस खांद्यावर घालून बर्फातनं उतरवलाय. फळ्यावरच्या आकड्यासाठी मी माणूस मरू देईन?"

"मग नियम काय आहे? रक्षकानं आधी तुम्हाला विचारायचं, की आधी बटण दाबायचं?"

ते बसले. "लेखी नियम, आधी बटण. तोंडी हुकूम, आधी मला सांगायचं. तोंडी हुकूम वरून आलेला. मी सरुबाईला तो सांगितला होता, हे खरं. म्हणून मला वाटलं, तिनं बटण दाबलंच नसेल. माझ्याकडंच पळत आली असेल. म्हणून मी तिच्या विरुद्ध लिहून दिलं." ते फोनकडं वळले. "धाप लागल्यानं बोलताच येत नव्हतं तिला. नुसतं बोट दाखवत होती. मी इथलं लाल बटण दाबलं. दुसऱ्या रिंगला उचलला."

तेच बटण, तीच कंपनीची तार, वेशीवरची पेटीही तीच. तीन नंबरचा निरोप गेला नाही, दोन नंबरचा गेला. साहेबांच्या नोटिशीचा सगळा भार यावरच होता: दोन नंबरचा लागतो म्हणजे यंत्रणा धडधाकट, म्हणजे बाई खोटी.

हर्षालीनं केबिनमधला फोन बघितला. पुढच्या बाजूला इंग्रजी पट्टी: GATE 2.

"येताना तीन नंबरला मराठी पट्टी दिसली, ती कशी?"

"फेब्रुवारीत मराठी दिन झाला ना, तेव्हा सगळ्या फोनांची नावं मराठी केली साहेबांनी. फोटो काढले, पेपरात दिले. चांगलं केलं, माझं काही म्हणणं नाही. पण मी माझ्या फोनला हात लावू दिला नाही. गेट टू म्हणजे गेट टू. उद्या कुणी घाईत विचारलं तर मी 'निर्यात प्रवेशद्वार' म्हणत बसू?"

हर्षाली हसली. हसता हसता थांबली. फोन दोन, फरक एकच, आणि तो पट्टीवर लिहिलेला होता. पण नुसत्या नावानं फोन मुका होतो का? तसं असतं तर साडेतीनचा फोनही लागला नसता.

४

अजिंक्य हा कंपनीतला संगणकाचा माणूस. अठ्ठावीस वर्षांचा, डोळ्यांखाली काळं, दर दोन वाक्यांनी दाराकडं बघायचा.

"कॉलची नोंद ही बघा, मॅडम. तीन तीसला गेट तीनवरून ट्रान्सपोर्टला. त्याच गेटवरून मग थेट चार वाजून दहा. मध्ये काहीच नाही."

"ही नोंद कधी होते?"

"कॉल झाला की."

"म्हणजे दरवानानं निरोप आत घेतल्यावर. त्यानं फेकून दिलेल्या निरोपांची यादी वेगळी असते. ती दाखवा."

अजिंक्यनं दाराकडं बघितलं. "ती सातच दिवस राहते. अठरा तारखेला पुसली गेली. आपोआप."

"आणि अठरापर्यंत कुणीच बघितली नाही?"

अजिंक्यनं पडद्यावरची नोंद मिटली.

"बरं. लाल बटण दाबून बघू."

"सील आहे. साहेबांचा आदेश. चौकशी होईपर्यंत हात लावायचा नाही."

दाखला हवा, पण तपासायचं नाही. हर्षालीनं मनातल्या मनात एक शिवी हासडली. मग म्हणाली, "साध्या फोनाला तर सील नाही? तीन नंबरवरून माझ्या मोबाइलला फोन लावायला सांगा. दरवानापाशी मी तो निरोप टिपते."

फोन लागला. हर्षालीच्या मोबाइलवर नाव उमटलं, माल आवक दरवाजा. आवाज स्वच्छ. काही बिघाड नाही.

तिनं टिपलेला निरोप पडद्यावर उघडला आणि ओळीमागून ओळ वाचू लागली. अशा प्रत्येक निरोपात एक ओळ मजकुराची लांबी सांगते: खाली किती बाइट मजकूर आहे. बाइट म्हणजे यंत्राच्या काट्यावरचं एक लहान माप. तिथं लिहिलं होतं, एकशे शहात्तर. हर्षालीनं खालचा मजकूर मोजला. दोनशे भरले. पुन्हा मोजला. दोनशेच.

चोवीस जास्त. कुठून आले?

आणि जास्त आले तरी फोन लागला कसा? शेवटचे चोवीस बाइट कुठले ते तिनं बघितलं. दोन ओळी होत्या, ओळ संपल्याची खूण धरून बारा-बाराच्या. एकीत आवाजाचे तुकडे किती लांबीचे करायचे ते होतं, दुसरीत दोघांनीही बोलायचं आणि ऐकायचं असं. या ओळी गळल्या तरी यंत्रं तेच गृहीत धरतात. म्हणून काही बिघडत नव्हतं.

तिनं पिशवीतून जानेवारीचा स्वतःचा अहवाल काढला. तोच फोन, तोच कारखाना. लांबी बरोबर, मजकूर बरोबर, लाल बटणही दाबून बघितलेलं, लागलेलं. खाली तिची सही. आणि वर, तपासलेल्या फोनाचं नाव: GATE 3.

सगळ्या फोनांची तपासणी तिनं इंग्रजी नावावर केली होती. पिंपरी-चिंचवडात जन्मलेली, मराठी शाळेत शिकलेली बाई, आणि फोनाला कुणी मराठी नाव देईल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

५

संध्याकाळी ती पुन्हा गावठाणात गेली. का गेली, तिलाही नीट सांगता आलं नसतं. जयमाला चुलीपाशी भाकरी थापत होती, सरुबाई तिच्याशेजारी.

"मावशी, चूक थोडीशी सापडलीय. उरलेली सापडत नाही. आणि जी सापडलीय तिच्यात माझाही हात आहे."

"बस आदी. बोलायचं ते खाता खाता बोल."

हर्षालीनं सांगितलं. निरोपावर लिहिलंय एक, आत भरलंय जास्त. पण का, ते कळत नाही.

"हात्तिच्या," सरुबाई म्हणाली. "आमच्या गेटावर रोजचंच हाय की. बोल्टाच्या गोन्या येत्यात. पुरवठादार चलनावर नग लिवतो. आमचा काटा किलो दावतो. नव्या पोरास्नी कळत न्हाई, मेळ बसत न्हाई म्हून गाडी अडवून धरत्यात. नग येगळा, वजन येगळं. बारीक बोल्टाचं शंभर नग आन जाड्या बोल्टाचं शंभर नग, काट्यावर येक व्हत्यात व्हय?"

हर्षालीच्या हातातला घास तिथंच राहिला.

नग आणि वजन. मजकुरात फोनाचं नावही असतं, आणि फोन लिहीत होता नग. दरवान मोजत होता वजन. इंग्रजी अक्षराचा एक नग म्हणजे एक बाइट, त्यामुळे GATE 3 सहा नग आणि सहा बाइट, मेळ बसतो. मराठीत काना-मात्रा सुटी धरून प्रत्येक खूण तीन बाइट. तिनं भाकरीच्या पिठात बोटानं मोजलं. माल आवक दरवाजा: खुणा बारा, मोकळ्या जागा दोन. नग चौदा. वजन बारा त्रिक छत्तीस आणि दोन, अडतीस. फरक चोवीस.

"मावशी, सापडलं!" ती ओरडली. मग लगेच तिचा चेहरा पडला. "पण साधा फोन लागतो. लालच का नाही लागत?"

"चलनापरीस माल जास्त निगाला तर आमी काय करतो?" सरुबाई म्हणाली. तिला आता मजा यायला लागली होती. "टेम्पोत जास्त आसंल तर चलनाएवडं उतरून घ्यायचं, वरचं ऱ्हाऊ द्यायचं. टेम्पो सुटा हाय, जाईल परत. पन पट्ट्यावर जास्त आलं तर बोंब. पट्टा थांबत न्हाई. म्होरच्या चलनात ह्येचा माल घुसतो. मंग समदाच पट्टा बंद करायचा, आन समदं फेर मोजायचं."

यंत्रं निरोप दोन वाटांनी पाठवतात. एक वाट सुट्या पाकिटांची, तिला यूडीपी म्हणतात. नियमच आहे: पाकिटात लिहिल्यापेक्षा जास्त निघालं तर वरचं टाकून द्या, निरोप घ्या. दुसरी वाट वाहत्या पट्ट्याची, टीसीपी. तिथं जास्तीचे चोवीस बाइट म्हणजे पुढच्या निरोपाची सुरुवात. दरवान ती वाचतो, त्याला शेंडाबुडखा नसतो. आधीचा निरोप शेवटी तुटलेला, नंतरचा निरर्थक, म्हणून तो दोन्ही फेकतो आणि जोडणी तोडतो.

आणि पाकीट कधी, पट्टा कधी? निरोप लहान असेल तर पाकीट. तेराशे बाइटांच्या वर गेला की पट्टा. साधा फोन लहानच. पण लाल बटणाच्या निरोपाला एक जास्तीचं ओझं असतं. कारखान्याचा पत्ता, गेटाची जागा, नकाशावरचा बिंदू. तो तेराशेच्या वर जातो.

म्हणजे रोजचे फोन सगळे लागायचे. फक्त माणूस मरायला टेकला की लागायचा नाही.

जयमालाची भाकरी तव्यावर करपली. "म्हंजी हिनं दाबलं होतं," ती हळूच म्हणाली. सरुबाईकडं बघितलं नाही, पण तिचं पिठानं भरलेलं बोट सरुबाईच्या हातावर टेकलं.

"हो. चार वेळा. एका दरवानानं निरोप दिला, दुसऱ्यानं फेकला. दोघांनीही शिकवलं होतं तेच केलं."

एक गोष्ट मात्र बसत नव्हती. लाल फोन रोज पहाटे सहाला स्वतःच एक चाचणी-निरोप पाठवतात. सत्तावीस फेब्रुवारीपासून तो रोज फेकला गेला असणार. बारा दिवस कुणालाच कसं कळलं नाही?

हर्षालीचा मोबाइल वाजला. अजिंक्य होता. "ताई, उद्या सकाळी चिंचवड स्टेशनबाहेर भेटाल? ऑफिसात नको."

६

तो चहा न पिता कप हातात धरून उभा होता.

"मला सात महिन्यांची मुलगी आहे, ताई. हे मी दिलं असं कळलं तर मी उद्यापासून घरी."

"मग देऊ नका."

तो चिडला. "देऊ नका काय, घ्या की! रात्रंदिवस तो माणूस दिसतोय मला."

दोन कागद होते. पहिला त्याचा स्वतःचा, तीन मार्चचा. "नावे बदलल्यापासून चारपैकी तीन लाल फोनांची रोजची चाचणी नापास होत आहे. गेट दोन पास आहे. फेरचाचणी करून घ्यावी, ही विनंती."

दुसरा कागद दोन ओळींचा, त्यावर वरून आलेलं उत्तर. "केवळ नावे बदलली आहेत. फेरचाचणीची गरज नाही. या सूचना रोज येऊ नयेत, बंद कराव्यात."

"बंद तुम्ही केल्या?"

"मीच केल्या," अजिंक्य म्हणाला. त्याच्या कपातला चहा हिंदकळून बोटांवर सांडला, त्यानं पुसलाही नाही.

हर्षालीनं कागद परत केले. "हे मी नाही वाचणार. माझ्या चुकीचं मी वाचते. तुमच्या चुकीचं तुम्ही वाचायचं. जमेल का, ते तुम्ही ठरवा."

७

शनिवार, कंपनीचं सभागृह. टेबलाच्या मधोमध चौकशी अधिकारी उद्धवराव, बाहेरून बोलावलेले वयस्कर वकील. उजवीकडं मोठे साहेब. डावीकडं लक्ष्मणराव, अजिंक्य. समोर सरुबाई, आणि तिच्या हट्टानं आलेली जयमाला.

"दाखला आणलात?" साहेबांनी विचारलं.

"आणलाय. पहिली ओळ अशी: जानेवारीत मी ही यंत्रणा वैध ठरवली, ती अर्धवट तपासून. इंग्रजी नावांपलीकडं मी बघितलं नाही. ती चूक माझी."

साहेबांचं हसू मावळलं. हर्षालीनं पुढचं सगळं सांगितलं. नग आणि वजन. टेम्पो आणि पट्टा. उद्धवरावांनी मध्येच हात वर केला.

"बाई, मी तांत्रिक माणूस नाही. पण सत्तावीस वर्षं कोर्टात काढलीत. हे करून दाखवता येईल?"

"बटणाला सील आहे."

"कुणाचं?"

सगळ्यांनी साहेबांकडं बघितलं.

"मला चौकशीसाठी नेमलंय ना? मग काढा सील," उद्धवराव म्हणाले.

रुग्णवाहिका कक्षाला आधी कळवलं. मग सगळे तीन नंबरच्या केबिनीत दाटीवाटीनं उभे राहिले. हर्षालीनं सरुबाईला पुढं केलं. तिनं लाल बटण दाबलं.

टूं. टूं. आणि मुकं.

बाहेर कुणीतरी टेम्पो वळवत होता, त्याचा मागे घेतानाचा पोंगा तेवढा ऐकू येत होता.

"आता," हर्षाली म्हणाली, "अजिंक्य, फक्त नाव बदला. दुसरं काही नाही."

अजिंक्यनं माल आवक दरवाजा पुसलं, GATE 3 लिहिलं. सरुबाईनं पुन्हा दाबलं.

"नमस्कार, रुग्णवाहिका कक्ष. गेट तीन, महाळुंगे, पत्ता मिळालाय. बोला, काय झालंय?"

जयमाला केबिनच्या उंबऱ्यावर बसली. अकरा शब्द. अकरा दिवस उशिरा. सरुबाई फोनातल्या मुलीला म्हणाली, "काय न्हाई, ताई. आता काय न्हाई," आणि रिसीव्हर ठेवला.

लक्ष्मणरावांनी टोपी काढली. "सरुबाई, मी तुमच्याविरुद्ध लिहून दिलं होतं. ते मी परत घेतो." मग अवघडून म्हणाले, "माफ करा."

साहेब तोवर सावरले होते. "ठीक आहे. हा तांत्रिक दोष आहे. फोन बनवणाऱ्याचा. कुणालाच आधी कळण्यासारखं नव्हतं. बाईंना कामावर घेऊ, विषय संपला. आणि झालं ते मराठीपायी झालं म्हणायचं, दुसरं काय."

"मराठीपायी नाही," हर्षाली म्हणाली. तिचा आवाज चढला आणि तिनं तो चढू दिला. "मराठी नाव देणं बरोबरच होतं. देऊन तपासलं नाही, हे चूक. नाव मराठीच राहील, मोजणी दुरुस्त होईल. आणि कुणालाच कळण्यासारखं नव्हतं, हे..."

"मला कळलं होतं," अजिंक्य म्हणाला.

तो भिंतीला टेकून उभा होता. खिशातून त्यानं घामानं ओले झालेले दोन कागद काढले आणि मोठ्यानं वाचले. पहिला वाचताना त्याची जीभ अडखळली. दुसरा त्यानं सरळ वाचला, खालच्या सहीपर्यंत. सही वाचली तेव्हा केबिनीतल्या कुणीच साहेबांकडं बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

साहेब घड्याळाकडं बघत म्हणाले, "यावर मी इथं बोलणार नाही."

तेव्हा सरुबाई पुढं आली. पिशवीतून तिनं घडी घातलेला एक कागद काढला. तिचीच नोटीस, तेरा तारखेची, शिक्क्यासकट. तिनं ती उलगडून साहेबांपुढं लाल बटणाशेजारी ठेवली.

"साहेब, ह्ये तुमीच मला दिलं व्हतं. तीन दिस दिलं व्हतं उत्तराला. म्या दिलं, मला लिवता येतं तेवडं." तिनं नोटिशीवर बोट ठेवलं. "आता वरचं नाव तेवडं बदला. दुसरं काय न्हाई. सूचना बंद करा म्हून लिवलं तवा तुमास्नी म्हाईत व्हतं का न्हाई, का ह्यो फोन लागत न्हाई? ही बाई हितं बसलीया. हिला सांगा. तुमास्नीबी तीनच दिस. लेखी."

साहेब निघून गेले. नोटीस तिथंच राहिली.

आज चौथा दिवस आहे, मोठे साहेब. जयमाला अजून महाळुंग्यात आहे, परभणीची गाडी तिनं दोनदा सोडली. माहीत होतं की नव्हतं? उत्तर द्या.